हेड उतरवल्यानंतर : जुन्या ट्रकच्या टायमिंगची जुळणी

बंगळुरूहून होसूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर इलेक्ट्रॉनिक सिटी मागे पडली की बोम्मसंद्रा लागते. औद्योगिक वसाहत, औषधांचे कारखाने, मोठे रुग्णालय आणि ऑगस्ट 2025 पासून मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचे अखेरचे स्थानक, अशी या गावाची आजची ओळख आहे. वर खांबांवरून चालकाविना धावण्याच्या सोयीने बांधलेली आगगाडी जाते आणि खाली रस्त्याच्या कडेने मालाचे ट्रक होसूर, कृष्णगिरीकडे उतरत असतात. त्यांतील नव्या ट्रकांच्या इंजिनात इंधन केव्हा आणि किती सोडायचे हे संगणक ठरवतो. परंतु या व्याख्यानाचा विषय त्यांच्या आधीची पिढी आहे. इंधनाची वेळ ज्यांच्यात दात्यांची चाके, एक पंप आणि माणसाचे डोळे यांवर सोपवलेली होती असे ते जुने डिझेल ट्रक.

असा एक ट्रक डोळ्यांसमोर आणावा. गाडी टाटा 1210 जातीची, म्हणजे मूळ नामकरणाप्रमाणे भारासह सुमारे 12 टन वजनाची आणि 100 अश्वशक्तीची. लांब पल्ल्याची मालवाहतूक तिने केव्हाच सोडली आहे. आता तिच्या पाठीवर पाण्याची टाकी आहे. 2024 च्या उन्हाळ्यात बंगळुरूला पाण्याची जी टंचाई भासली, तिच्यामुळे शहराच्या कडेच्या वस्त्यांत टँकर ही काय चीज आहे हे साऱ्या देशाला समजले. मालक स्वतःच चालक आहे. गाडी उभी राहिली की त्याचे उत्पन्नही उभे राहते. इंजिन तापू लागले, रेडिएटरमध्ये बुडबुडे येऊ लागले, तेलाच्या पट्टीवर दुधासारखा फेस दिसला. हेडचे गॅसकेट गेले होते. हेड उतरवले, सपाट करून आणले, झडपा घासल्या, नवे गॅसकेट घालून हेड परत बसवले. इंजिन सुरू होते, पण जडपणाने. सकाळी पांढरा धूर सोडते आणि ओझे ओढताना पूर्वीचा जोर दाखवत नाही. गॅरेजात उभा असलेला प्रत्येक जण एकच निदान करतो : टायमिंग हलले आहे, पंप थोडा पुढे घ्या.

हे निदान बहुधा चुकीचे असते. ते का चुकते आणि तरीही इतके लोकप्रिय का आहे, हे समजण्यासाठी ‘टायमिंग’ या एका शब्दाखाली गॅरेजात किती गोष्टी कोंबल्या जातात ते पाहिले पाहिजे.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला विहिरीवरचे ऑइल इंजिन परिचयाचे आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्याजवळ खडकीला 1946 साली निघाली आणि पुढील काही दशकांत त्या एका सिलिंडरच्या यंत्राने अनेक तालुक्यांतील मोटेची जागा घेतली. हँडल मारण्यापूर्वी त्यावरची लहान कळ उचलून ठेवायची आणि चाक वेगात आले की सोडून द्यायची, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असे. ती कळ झडप उघडी धरून ठेवते, म्हणजे हवा दाबली जात नाही आणि चाक हलके फिरते. कळ सोडली की दट्ट्या हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, आणि अगदी त्याच घटकेला पंप नोझलमधून डिझेलचा फवारा सोडतो. ठिणगी नाही, वात नाही. तापलेल्या हवेत तेल पडले की पेटते. ट्रकच्या इंजिनात असे सहा सिलिंडर आहेत, एवढाच फरक. हवा आपल्या मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या-सतराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते आणि तिचे तापमान 500 अंश सेल्सिअसच्या वर जाते.

तेव्हा वेळा दोन प्रकारच्या आहेत. एक झडपांची : हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झडप केव्हा उघडावी, केव्हा मिटावी. दुसरी इंधनाची : फवारा केव्हा सुटावा. दोन्ही वेळा भुजादंडाच्या म्हणजे क्रँकच्या फिरण्याशी बांधलेल्या असतात आणि त्या मोजायच्या अंशांत. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल तर एक अंश फिरायला सेकंदाचा 12,000 वा भाग लागतो. फवारा दट्ट्या माथ्यावर पोचण्याच्या थोडा आधी सुरू व्हावा लागतो, कारण तेल पेटायलाही वेळ हवा. हा ‘थोडा’ म्हणजे या पिढीच्या इंजिनांत साधारणतः 20 अंशांच्या आगेमागे असतो. नेमका आकडा मात्र त्या त्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा, शेजारच्या ट्रकवरून घेऊ नये.

आता मुख्य मुद्दा. या जुन्या इंजिनांत झडपा हलवणारा कॅमशाफ्ट हेडमध्ये नसतो. तो खाली ब्लॉकमध्ये असतो आणि क्रँकशी दात्यांच्या चाकांनी जोडलेला असतो. इंधनाचा पंपही त्याच चाकांच्या साखळीतून फिरतो. कॅमपासून झडपेपर्यंतचा निरोप लांब पुशरॉडच्या आणि रॉकरच्या मार्फत वर जातो. त्यामुळे हेड उतरवताना निरोप्या तेवढा बाजूला काढून ठेवला जातो. निरोप देणारा आपल्या जागेवरून तसूभरही हलत नाही. ज्या मोटारगाड्यांत कॅमशाफ्ट हेडमध्येच बसवलेला असतो आणि पट्ट्याने किंवा साखळीने फिरतो, त्यांचे हेड काढले की टायमिंग मोडतेच. ते पुन्हा जुळवल्यावाचून गत्यंतर नाही. मोटारींवर हात बसलेला तरुण कारागीर तीच भीती घेऊन जुन्या ट्रकपाशी येतो. भीती प्रामाणिक असते, पण ती दुसऱ्याच इंजिनाची असते.

मग बिघडते काय? बहुधा झडपांची फट. रॉकर आणि झडपेची दांडी यांच्यामध्ये केसभर मोकळीक ठेवावी लागते. ती साधारणतः मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांची असते. तापल्यावर धातू वाढतो, त्याला जागा हवी म्हणून ही सोय. गॅरेजात हिलाच ‘टॅपेट’ म्हणतात. हेडला फेस मारला, म्हणजे त्याचा तळ खरवडून सपाट केला, की हेडची उंची कमी होते, रॉकर खाली येतो, पुशरॉड मात्र पूर्वीइतकाच लांब असतो. फट घटते. झडप घासली, तिची बैठक कापली, की झडप आपल्या घरात आणखी खोल बसते आणि तिची दांडी वर येते. फट आणखी घटते. दोन्ही कामे एकाच वेळी झालेली असतात आणि दोन्ही एकाच दिशेने फट खातात. फट शून्याच्या खाली गेली तर झडप कधी पुरती मिटतच नाही. हवा निसटते, दाब कमी पडतो, तापमान कमी पडते, तेल अर्धवट जळते आणि पांढरा धूर होऊन बाहेर येते. विहिरीवरच्या इंजिनाची ती कळ कोणी अर्धवट उचलून ठेवली तर जे होईल तेच इथे होते. पंपाचा यात काहीही अपराध नाही.

दुसरे कारण याहून क्षुल्लक आणि म्हणूनच अधिक फसवे आहे. नोझलच्या बुडाशी तांब्याची चकती असते. नोझल काढताना जुनी चकती पुष्कळदा हेडच्या भोकातच चिकटून राहते. घाईत तिच्यावर नवी चकती पडते. आता नोझल एका चकतीच्या जाडीने वर बसले. ज्या इंजिनांत फवारा थेट दट्ट्याच्या माथ्यावरील खळगीत पडायचा असतो, त्यांत तो खळगी सोडून कडेवर पडू लागतो. धूर येतो, जोर जातो. भोकात विजेरीचा प्रकाश टाकून पाहण्याचे श्रम वाचवले की दिवसभराचे श्रम वाढतात.

असे असताना पंप पुढे घेण्याचा मोह का होतो? कारण त्याने गुण आल्यासारखा वाटतो, आणि हीच या प्रकरणातील खरी फसगत आहे. पंप पुढे घेतला म्हणजे फवारा लवकर सुटतो. त्या वेळी हवा अजून पुरती तापलेली नसते, म्हणून तेल पेटायला उशीर लागतो. तोवर आत साचलेले तेल मग एकदम भडकते. इंजिनाचा आवाज टणटणीत होतो आणि ऐकणाऱ्याला ती ताकद वाटते. धूरही काहीसा निवळतो. परंतु दट्ट्या अजून वर चढत असतानाच स्फोटाचा हा दाब त्याच्यावर पडतो, आणि हेडला खालून जो धक्का बसतो तो नेहमीपेक्षा बराच मोठा असतो. तो धक्का सोसावा लागतो नुकत्याच बसवलेल्या गॅसकेटला. काही आठवड्यांनी टँकर पुन्हा त्याच गॅरेजात, त्याच रोगाने येतो आणि या वेळी दोष गॅसकेटच्या दर्जाला दिला जातो. उलट पंप मागे पडला असेल तर ज्वलन दट्ट्या खाली जातानाही चालू राहते, नळकांड्यातून जाणारा धूर अधिक गरम होतो, पाणी तापते आणि चढावर गाडी रडते. कानाने टायमिंग लावणारे निष्णात कारागीर असतात हे खरे. परंतु निरोगी इंजिनाचा आवाज ज्याने हजारदा ऐकला आहे त्याचा कान वेगळा, आणि आजारी इंजिन ऐकून पंप फिरवणाऱ्याचा कान वेगळा.

पंपाविषयी थोडे सांगितले पाहिजे. रुडॉल्फ डिझेलचे पहिले यशस्वी इंजिन 1897 सालचे. त्यात तेल आत फुंकण्यासाठी दाबलेल्या हवेचे अवजड यंत्र लागे. असले धूड रस्त्यावरच्या गाडीत कोठे ठेवणार? रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने 1927 मध्ये लहान आणि अचूक इंधन-पंपाचे उत्पादन सुरू केले, तेव्हा डिझेल ट्रक खऱ्या अर्थाने शक्य झाला. भारतात हे पंप बनवण्यासाठी 1951 साली बंगळुरूला मोटर इंडस्ट्रीज कंपनी स्थापन झाली. सगळा देश तिला ‘मायको’ म्हणून ओळखत असे. 2008 मध्ये तिचे नाव बॉश लिमिटेड झाले. तिचे अडुगोडीचे आवार याच होसूर रस्त्यावर, बोम्मसंद्र्याच्या बरेच अलीकडे आहे. टाटांनी डाइमलर-बेंझच्या सहकार्याने 1954 पासून ट्रक बांधायला घेतले. ते सहकार्य 1969 मध्ये संपले, परंतु इंजिनांचा वंश कायम राहिला. जर्मन वंशाच्या इंजिनांच्या चाकांवर ‘ओ.टी.’ अशी अक्षरे आढळतात, ती याच वारशातली. ओव्हरटाइमशी त्यांचा संबंध नाही. ‘ओबरर टोटपुंक्ट’, म्हणजे दट्ट्याचा वरचा मृतबिंदू, एवढाच त्यांचा अर्थ.

या खुणेपाशीच तपासणी सुरू होते आणि इथेच सर्वात मोठी चूक घडू शकते. चार धावांच्या इंजिनात एक आवर्तन पुरे व्हायला क्रँक दोन फेरे घेतो. म्हणून ही खूण एका आवर्तनात दोनदा समोर येते. एकदा पहिल्या सिलिंडरमध्ये दाबलेली हवा पेटायला तयार असते तेव्हा, आणि एकदा तोच सिलिंडर धूर बाहेर टाकून रिकामा होत असतो तेव्हा. खूण दोन्ही वेळा तीच, दट्ट्याची जागाही तीच. फरक फक्त झडपा सांगतात. या सहा सिलिंडरी इंजिनांचा पेटण्याचा क्रम 1-5-3-6-2-4 असा असतो, त्यात पहिला आणि सहावा हे जोडीदार आहेत. सहाव्याच्या झडपा ‘झुलत’ असतील, म्हणजे एक मिटत असतानाच दुसरी उघडू लागली असेल, तर पहिला पेटण्याच्या तयारीत आहे असे खुशाल समजावे. त्या वेळी पहिल्याचे दोन्ही रॉकर हाताने हलवून पाहिले तर सैल लागतात. पंप काढला असेल आणि तो परत बसवताना ही खातरजमा केली नाही, तर फवारा संपूर्ण एक फेरा चुकून धूर सोडण्याच्या वेळी पडतो. इंजिन फिरत राहते, सायलेन्सरमधून कच्च्या तेलाची वाफ निघते, बॅटरी उतरते आणि इंजिन काही पेटत नाही.

टॅपेटची जुळणीही याच जोडीदारीच्या नियमाने करावी : सहावा झुलताना पहिल्याची फट, दुसरा झुलताना पाचव्याची, चौथा झुलताना तिसऱ्याची, आणि मग उलट. त्याआधी हेडचे बोल्ट मध्यापासून कडांकडे, टप्प्याटप्प्याने, ताण मोजणाऱ्या पान्याने आवळलेले असले पाहिजेत. आधी फट लावून मग हेड आवळणाऱ्याने फट लावलीच नाही असे समजावे, कारण गॅसकेट दबले की तीही बदलते.

एवढे झाल्यावर, आणि दाबमापक लावून सहाही सिलिंडरांचा दाब सारखा व पुरेसा आहे हे पाहिल्यावर, इंधनाच्या वेळेकडे वळावे. पंप जागचा हलला नसेल तर त्याच्या बैठकीवरची आणि टायमिंगच्या आवरणावरची खूण समोरासमोर दिसेल, तिथे काम संपले. पंप दुरुस्तीला नेला असेल, किंवा यापूर्वी कोणी ‘थोडा पुढे’ घेतल्याचा संशय असेल, तर थेंबाची परीक्षा घ्यावी. गॅरेजात हिला ‘स्पिल टायमिंग’ म्हणतात. हिला ना वीज लागते, ना महाग उपकरण. लागते ती स्वच्छता आणि सबुरी.

पंपाच्या पहिल्या घटकावरची दाबनळी सोडवतात, त्याखालील झडप आणि स्प्रिंग काढून स्वच्छ डिझेलच्या वाटीत ठेवतात आणि त्या तोंडावर हंसाच्या मानेसारखी वाकलेली बारीक नळी बसवतात. या भागांच्या घासलेल्या पृष्ठभागांमधील अंतर मिलिमीटरच्या हजारांश भागांत मोजावे लागते. फडक्याचा एक धागा तिथे अडकला तरी पुरे. पंपाचा दांडा पूर्ण भाराच्या जागी धरायचा आणि हातपंपाने तेल खेळवत ठेवायचे. वाकड्या नळीतून धार पडू लागते. मग दुसऱ्या माणसाने इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेने, अगदी सावकाश फिरवायचे. पंपातील दट्टा वर चढून तेलाचे छिद्र झाकू लागतो तशी धार बारीक होते, तुटते, थेंबांवर येते. काही सेकंदांत एखादा थेंब ओघळावा अशी स्थिती आली की थांबावे. तोच फवारा सुटण्याचा क्षण. आता चाकावरचा अंश वाचावा. खूण ओलांडली गेली तर तेवढेच मागे येऊन भागत नाही, कारण दात्यांमध्ये मोकळीक असते. पाव फेरा मागे जावे आणि पुन्हा योग्य दिशेने यावे.

वाचलेला अंश पुस्तिकेशी जुळला तर पंपाला हात लावू नये. नाही जुळला तर काही इंजिनांत कपलिंगच्या लांबट भोकांतून, काहींत पंपाची बैठकच किंचित फिरवून तो जुळवता येतो. येथे एक हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून पंपाचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन. क्रँकच्या चाकाचा व्यास 40 सेंटिमीटर धरला तर त्याच्या कडेवर एक अंश सुमारे साडेतीन मिलिमीटरचा भरतो, डोळ्यांना सहज दिसतो. पंपाच्या लहानशा कपलिंगवर मात्र तेवढाच बदल मिलिमीटरभरही नसतो. ‘जरासा’ पुढे घेतलेला पंप पुष्कळदा पाच-सहा अंश पुढे गेलेला आढळतो, तो यामुळे.

धुराविषयी बोम्मसंद्र्यात आणखी एक सावधगिरी हवी. बंगळुरूचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच आहे आणि तेथील हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा जवळजवळ एक दशांशाने कमी असतो. टर्बो नसलेल्या जुन्या इंजिनाला त्या प्रमाणात हवा कमी मिळते. चेन्नईच्या किंवा मुंबईच्या पातळीला ज्याच्या पंपाचे माप लावले आहे, तो ट्रक कृष्णगिरीकडून चढून आला की ओझ्याखाली काळा धूर सोडणारच. तो धूर तेलाच्या मापाचा आहे, वेळेचा नाही. माप कमी करणे हे पंपाच्या कसोटीबाकावर करायचे काम आहे. कपलिंग फिरवून ते होत नाही.

काम झाले की झडप, स्प्रिंग आणि नळ्या पूर्ववत बसवून पंपातील हवा काढावी आणि इंजिन सुरू करावे. एकेका नोझलची नळी क्षणभर सैल करून कोणता सिलिंडर काम करतो, कोणता नुसता फिरतो हे पाहण्याची रीत जुनी आणि चांगली आहे. मात्र या नळ्यांतील दाब दर चौरस सेंटिमीटरला 200 किलोग्रॅमच्या आसपास असू शकतो आणि अशी बारीक धार त्वचा भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते म्हणून ती अंगावर काढू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावे. नळीखाली बोट धरून धार जोखण्याची सवय तर मुळातच सोडावी.

टाकी पाण्याने भरून टँकर चंदापुरापर्यंत नेऊन आणावा. आवाज सुरुवातीच्या थंड खटखटीनंतर मऊ व्हावा, पाण्याचा काटा मध्यावर राहावा, चढावर धूर आलाच तर करडा आणि अल्पकाळ असावा. पुस्तिकेत तसे सांगितले असेल तर तापून निवलेल्या हेडचे बोल्ट पुन्हा आवळावे आणि त्यानंतर बाराही टॅपेट पुन्हा तपासावे. हे दुसरे आवळणे मालकाला नको असते, कारण तो अर्धा दिवस त्याला टँकरच्या दोन-तीन खेपांना पडतो. म्हणून कारागिराने गाडी हाती देण्यापूर्वीच त्याला पुढची तारीख सांगावी, पंपाच्या बैठकीवर आणि आवरणावर मिळून एकच पांढऱ्या रंगाची रेघ ओढावी, आणि वाचलेला अंश गाडीच्या वहीत लिहून ठेवावा.